मुल्किया

उम्म अल कुवैनच्या औद्योगिक वस्तीमागे
तारेच्या कुंपणातला एक तुकडा घेतला.
कागदावर नव्व्याण्णव वर्षांसाठी माझा.
वय माझं चोपन्न. सही करताना
वृषाली खाली मान घालून हसली होती.

कागदावर नव्हत्या त्या तीन गाड्या.

एक निसान, पांढरी असावी.
एक शाळेची व्हॅन, दोन्ही आरसे गेलेली.
एक पिकअप, दारावर कुठल्याशा लाँड्रीच्या नावातली
शेवटची तीन अक्षरं आणि एक इस्त्री.
चाकं रिमपर्यंत वाळूत,
उभ्या केलेल्या नव्हे, पेरलेल्या.

विकणारा म्हणाला, माझ्या आधीपासून आहेत.
त्याच्या आधीचा कराचीत. फोन लागत नाही.
बलदियातला माणूस सभ्य. चहा मागवला.
जमीन तुमची, बरोबर, म्हणाला,
पण गाडी, मुल्किया ज्याची, त्याची.
तो सापडेपर्यंत त्याचीच.
आणि नाहीच सापडला तर?
आधी स्टिकर. मग पंधरा दिवस. मग बघू.

स्टिकर नारिंगी. चिकटेना.
गुल जमाननं बादली आणली, मी फडकं.
दुसऱ्याच्या गाडीची काच
उगीचच नीट पुसली, कोपऱ्यांतसुद्धा.
आत सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

अकरा वर्षं हे कुंपण राखतोय गुल जमान.
निसानवाला रात्री आला, म्हणाला,
दार लावलं, हळूच, घरात कुणी झोपलंय तसं,
आणि रस्त्याकडे चालत गेला.
इंजिन चालूच.
पेट्रोल संपेपर्यंत गुरगुरत होती, पहाट झाली.
तू बंद नाही केलीस?
दुसऱ्याची गाडी, साब.

पिकअपच्या खणात एक कागद, मल्याळममधला.
कॅफेटेरियातल्या शिहाबनं हात पुसून वाचला,
मोठ्यानं, आत ऑर्डर सांगावी तसा:
टॉर्च दोन. बदाम दोन किलो.
ब्लँकेट, डबल, वाघाचं.
डोळे मिटणारी बाहुली.
उम्माला चप्पल, सात नंबर, मऊ.
सगळ्यांपुढे टिक होती, शिहाब म्हणाला,
चपलेपुढे नाही.
मी चहाचे किती झाले विचारलं.
दुसरं काही सुचेना.

सोळाव्या दिवशी रिकव्हरीवाला आला, घाईतला माणूस.
निसान दुधाच्या दातासारखी निघाली.
व्हॅनच्या मागच्या सीटवर मांजरीची चार पिल्लं.
ती एकेक तोंडात धरून कुंपणापलीकडे नेऊ लागली.
ड्रायव्हरनं सिगारेट पेटवली.
तिसऱ्या पिल्लाला संपली.
त्यानं दुसरी पेटवली.

कुठे नेता या?
यार्डात. मग लिलाव. नाही गेली तर दाबून
एवढी, त्यानं हातानं दाखवलं.
आमच्याकडे पाण्याचा माठ असतो, तेवढी.

गाड्या गेल्यावर वाळूत तीन चौकोन उरले,
वेगळ्या रंगाचे, नुकती टोपी काढलेल्या
माणसाच्या कपाळासारखे.
मग शमाल सुटला. दोन दिवसांत
कुठे काय होतं, गुल जमानलाही सांगता येईना.

आता झाली आपली, वृषाली म्हणाली.
हो, म्हणालो.
शेडचं माप घेतलं. गेट कुठे, पाण्याची टाकी कुठे.
मांजर परत आली होती, सगळीकडे हुंगून
शेवटी माझ्या गाडीखाली बसली,
तेवढीच सावली होती तिथे.

संध्याकाळी निघताना तिला हुसकलं.
खण उघडला. मुल्कियावरची तारीख बघितली:
मार्च. सात महिने आहेत.
तिच्याखाली तो कागद, चार घड्यांचा,
टाकून देईन म्हणतो, राहतो.

घरी पोचलो, गाडी लावली, किल्ली काढली.
लिफ्टपर्यंत गेलो.
परत आलो,
बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो थोडा वेळ,
बंद केली का ते बघायला.